६४० जिवाणू की ३? पाण्याचे दोन अहवाल शेजारी ठेवून

पुण्यात सिंहगड रस्त्याजवळच्या धायरीतल्या आमच्या सोसायटीला पाळणाघर आणि क्लब-हाउससाठी पाण्याची सोय ठरवायची होती. पर्याय दोन: झऱ्याचं सीलबंद बाटलीतलं नैसर्गिक मिनरल वॉटर, नाहीतर रोज टेम्पोने येणारा २० लिटरचा थंड जार. दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत दिले. बाटलीच्या अहवालात एकूण जिवाणू संख्या आली मिलिलिटरला ६४०, जारच्या अहवालात ११. बैठकीत सगळ्यांचं बोट जारवर गेलं. मी मात्र अडून बसले, कारण जारच्याच कागदावर खाली आणखी एक ओळ होती: कोलिफॉर्म (पाण्यात बाहेरची घाण शिरल्याचा इशारा देणारे जिवाणू), १०० मिलिलिटरमध्ये ३.

आधी ते ६४० बघू. ही संख्या २२ अंशांवर ७२ तास वाढवून मोजलेली. थंड, अन्न कमी असलेल्या पाण्यात मुळातच राहणारे जिवाणू या तापमानाला वाढतात. नैसर्गिक मिनरल वॉटरचं निर्जंतुकीकरण करत नाहीत, त्यामुळे झऱ्यातले हे रहिवासी बाटलीतही येतात आणि आठवडाभरात हजारांच्या घरात जाऊ शकतात. म्हणूनच युरोपातल्या नियमात मिलिलिटरला १०० ही मर्यादा बाटली भरल्यापासून १२ तासांच्या आत केलेल्या मोजणीला लागू होते, दुकानात महिनाभर उभ्या राहिलेल्या बाटलीला नाही. माणसाच्या शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांवर, याच बाटलीची संख्या होती फक्त ४. ई. कोलाय (विष्ठेतून येणारा कोलिफॉर्म), एकूण कोलिफॉर्म आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हा आणखी एक जिवाणू, तिन्ही २५० मिलिलिटरमध्ये अनुपस्थित. मला हा अहवाल चांगला वाटला.

आता जारचे ३. जारचं पाणी आरओ आणि अतिनील दिव्यातून आलेलं, असं पुरवठादार सांगतो. तसं असेल तर कोलिफॉर्म उरायलाच नकोत. सगळेच कोलिफॉर्म विष्ठेतून येत नाहीत, काही मातीत आणि झाडपाल्यातही असतात, आणि ई. कोलाय इथे सापडला नाही हेही खरं. पण प्रक्रिया केलेल्या पाण्यात ते दिसले की कुठेतरी बाहेरून शिरकाव झालाय: जार नीट धुतला नसेल, नळ अस्वच्छ असेल किंवा दिवा बिघडला असेल. भारतीय मानक आयएस १४५४३ प्रमाणे पॅकेज्ड पिण्याच्या पाण्यात २५० मिलिलिटरमध्ये एकही कोलिफॉर्म चालत नाही. आणि आमच्या जारमधल्या २०० मिलिलिटरच्या ग्लासात सरासरी सहा!

दोन्ही कागदांत आणखी एक फरक होता आणि तो सहज नजरेतून निसटतो. जारची तपासणी १०० मिलिलिटरवर झाली होती, बाटलीची २५० वर. थोडं पाणी तपासलं तर ‘अनुपस्थित’ शेरा मिळवणं सोपं. शिवाय जारच्या अहवालात स्यूडोमोनासची ओळच नव्हती, म्हणजे ती तपासणीच झालेली नाही. हा जिवाणू पाइप, नळ आणि डिस्पेन्सरच्या आत बुळबुळीत थर धरून राहतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण तान्ही बाळं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा धोका असतो.

मी इतकी का ताणतेय, हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा दूषित पाण्या-अन्नातून येणारा जिवाणू सापडला होता. नेहमीच्या तपासणीत तो शोधतच नाहीत, विषाणूही नाहीत. म्हणून कोलिफॉर्मच्या इशाऱ्याला मी एवढी किंमत देते. टीडीएस मीटरला तर जिवाणू कळतच नाहीत. तो विरघळलेले क्षार मोजतो.

नमुना कधी घेतला आणि तपासणी कधी सुरू झाली, या दोन वेळाही बघा. उन्हात गाडीत पडून राहिलेल्या नमुन्याचा आकडा, कमी असो वा जास्त, कामाचा नसतो.

बाटल्या जारपेक्षा बऱ्याच महाग पडतात, म्हणून सगळीकडे त्याच घ्या असं मी म्हणणार नाही. पाळणाघराला सीलबंद बाटल्या, आणि दूध-पावडर कालवायची तर तेही पाणी उकळून घ्यायचं. क्लब-हाउसचा जार सध्या बंद. पुरवठादाराकडून २५० मिलिलिटरवर केलेला, स्यूडोमोनाससह नवा अहवाल मागवलाय. नमुना त्याने आणून द्यायचा नाही. आमच्या दारात उतरलेल्या जारमधून, प्रयोगशाळेच्या माणसाने घ्यायचा.