दुसरा सिंथ पहिल्यासारखाच घ्यावा की वेगळ्या जातीचा?

घरात एक पॉलिफोनिक (एका वेळी अनेक सूर वाजवणारा) सिंथेसायझर आहे, पण पॅड, म्हणजे मागे लांब धरलेले सलग सूर, वाजवताना काहीतरी कमी पडतंय, म्हणून दुसरा जोडायचा विचार आहे. पैसे मोजण्याआधी एकच गोष्ट नीट ऐका: सूर मध्येच तुटतायत की आवाज पातळ वाटतोय? ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

पेडल दाबून एक कॉर्ड धरला आणि पुढच्या कॉर्डवर गेलात की आधीच्या सुरांची शेपटी कापली जाते. चार व्हॉइसच्या, म्हणजे एका वेळी चारच सूर वाजवणाऱ्या, कॉर्ग मिनीलॉग एक्सडीवर हे हटकून होतं. इथे पॉलीचेन, म्हणजे दोन सिंथ जोडून त्यांचे व्हॉइस एकत्र वापरणं, कामाला येते. मिनीलॉग एक्सडीला त्याचंच मॉड्यूल जोडलं की चाराचे आठ व्हॉइस होतात; प्रॉफेट-६ ला त्याचं डेस्कटॉप मॉडेल जोडलं की सहाचे बारा. एकाला न पेलणारे सूर दुसरा उचलतो. पण आवाजाचा पोत तोच राहतो. भरदारपणासाठी पॉलीचेन करू नका.

दुसरी वाट म्हणजे लेयर: प्रत्येक सूर दोन्ही सिंथवर एकदमच वाजवायचा. दोन्ही एकाच जातीचे असतील तर एकाचा सूर ४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढवा. ४४० हर्ट्झच्या आसपास सेकंदाला साधारण एक हेलकावा मिळतो, वरच्या सप्तकात दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला की आवाज खोलीभर पसरतो. सुंदर लागतं, पण व्हॉइस वाढत नाहीत आणि रंग एकच राहतो. शिवाय असं बरंचसं काम एकाच सिंथचे दोन ऑसिलेटर (मूळ सूर तयार करणारे भाग) आणि कोरस (आवाज किंचित हलवून दाट करणारा इफेक्ट) करतात. एवढ्यासाठी दुसरं यंत्र मी घेणार नाही.

माझं मत वेगळ्या जातीच्या जोडीला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात मिडी, म्हणजे वाद्यांना एकमेकांशी जोडणारी सामाईक भाषा, पहिल्यांदा लोकांसमोर आलं, तेव्हा सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडून दाखवले होते. दोन कंपन्यांचे पॉलिसिंथ एकत्र वाजणं हीच त्या दिवसाची बातमी होती. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स७ आला, पुढच्या वर्षी रोलँडचा ज्युनो-१०६. या दोघांची जोडी समजून घेण्यासारखी आहे. डीएक्स७ चा एफएम (एका लहरीने दुसरी हलवून तयार केलेला) आवाज काचेवर टिचकी मारावी तसा लख्ख सुरू होतो, पण धरून ठेवला की कोरडा पडतो. ज्युनो सावकाश उघडतो आणि कोरसमुळे मागे ऊबदार पसरतो. एकाने सुराची सुरुवात सांभाळायची, दुसऱ्याने त्याचं अंग. १९८७ च्या रोलँड डी-५० ने हाच विचार एका पेटीत आणला: सुरुवातीला छोटा सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज), पुढे सिंथचा आवाज.

मात्र दोन्ही पूर्ण ताकदीने वाजवले तर गिचमीड होते. हार्मोनियममध्ये खर्ज आणि नर या स्वरपट्ट्या एका सप्तकाच्या अंतराने असतात म्हणून पेटी भरून वाजते. तसंच इथेही करा. ज्युनो एक सप्तक खाली, अटॅक (सूर उघडण्याचा वेग) जरा सावकाश, फिल्टर (आवाजाची चमक कमी करणारा भाग) अर्धा मिटलेला. एफएमचा खालचा भाग इक्यूने (इक्वलायझरने) कापा आणि त्याचा आवाज इतका उतरवा की तो वेगळा ऐकू येणार नाही, पण बंद केला की त्याची उणीव जाणवेल. रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) दोघांना एकच द्या, म्हणजे दोघे एकाच खोलीत बसल्यासारखे वाटतात.

खर्च फक्त सिंथचा नाही, हेही धरा. दोन्ही स्टिरिओ असतील तर ऑडिओ इंटरफेसला (वाद्याचा आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्राला) चार इनपुट लागतात. व्हीसीओवाला (ज्याचा सूर विजेच्या दाबावर ठरतो असा) अ‍ॅनालॉग असेल तर तापू द्या आणि मगच सूर जुळवा, नाहीतर ४ सेंटचा हिशेब पंधरा मिनिटांत बिघडतो.

पेडल लावून पियानोसारखं वाजवणाऱ्याने पॉलीचेन घ्यावी. बाकी बहुतेकांना वेगळी जोडीच पुरेल, आणि ती फुकट पारखता येते. डेक्स्ड हा डीएक्स७ च्या धर्तीवरचा मोफत प्लगिन संगणकावर घाला, तुमच्या सिंथची मिडी केबल संगणकाला लावा आणि तुमचा नेहमीचा पॅड त्याच्यासोबत आठवडाभर वाजवा. एफएमचं यंत्र घ्यायचं की नाही ते त्यानंतरच ठरवा.