टोपण नसलेली शेगडी : नऊ महिने वापरून

शेगडीचं वजन किती, माप किती हे सगळं विकणाऱ्यांच्या पानावर आहेच, ते परत लिहीत बसत नाही. पिवळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत येणारी, एका बर्नरची, कॅन आणि टाकी दोन्हीवर चालणारी जी फिरती गॅसची शेगडी सगळीकडे दिसते तीच ही. उजवीकडे ब्युटेनचा कॅन बसतो आणि मागून एक पितळी नळी बाहेर आलेली असते, तिला पाइप लावून घरची मोठी टाकी जोडायची. गेल्या नोव्हेंबरात 3,150 ला घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हीच शेगडी चार नावांनी विकतात, पेटीसुद्धा तीच.

आणि त्या पितळी नळीला टोपण नाही. आत्ताच सांगून ठेवतो.

आमचं घर गुहागर तालुक्यात, रात्री दार उघडलं की समुद्र ऐकू येतो इतकं जवळ. एरवी तीन माणसं, पण गणपतीत आणि मे महिन्यात पंधरा-वीस. आतल्या दोन बर्नरवर भागत नाही, परसात चूल आहे पण आईला आता धूर सोसत नाही. म्हणून ही घेतली. सुरवातीचे चार-पाच महिने नुसत्या कॅनवर वापरली, चहा, पोहे, एकदा वेळणेश्वरला किनाऱ्यावर रात्री मासे तळले, मजा आली, तक्रार शून्य. फक्त 220 ग्रॅमचा कॅन पूर्ण आचेवर सव्वा-दीड तासात संपतो आणि आमच्याकडे तो 140 ला मिळतो. म्हणजे किलोला सहाशेच्या वर! टाकीतला गॅस किलोला साठ-पासष्ट पडतो. हा हिशोब एकदा डोक्यात गेला की कॅनवर साधी कॉफी करतानाही जीव वर-खाली होतो.

पण टाकी जोडायचं खरं कारण पैसे नव्हेत, आमरस. आईला मे महिन्यात रस आटवायचा असतो, त्याला तिचं ते परातीएवढं रुंद पातेलं लागतं आणि दोन-तीन तास आच. कॅनवर असं रुंद भांडं अजिबात ठेवू नका. भांड्याचा काठ कॅनच्या कप्प्यावर गेला की खालची धग उलटून कॅनवर येते, कॅन तापतो, आतला दाब वाढतो आणि मग तो फुटू शकतो. शेगडीत दाब वाढला की कॅन सोडवणारा खटका असतो म्हणे, पण त्या खटक्याची परीक्षा मला आईच्या शेजारी घ्यायची नव्हती.

टाकी काकांची होती. काका-काकींचं कनेक्शन वेगळं, ते वर्षातून दोनदा येतात, एरवी त्यांची 14.2 किलोची टाकी आणि रेग्युलेटर नुसते पडून. जोडायचं कसं म्हणून व्हिडिओ बघितले आणि तिथेच पहिला घोळ झाला. सगळे व्हिडिओ अमेरिकेतले. भाचा न्यू जर्सीत असतो, त्याला फोन लावला तर म्हणाला, "मामा, आमचं बघून करू नकोस, आमचा स्टोव्ह वेगळा." त्यांच्याकडे कॅम्पिंगच्या स्टोव्हला 1 पौंडाची हिरवी बाटली लागते आणि रेग्युलेटर स्टोव्हच्याच अंगाला असतो. त्यामुळे ते 20 पौंडी मोठी टाकी, म्हणजे आपल्या 9 किलोची, जोडतात तेव्हा मधला पाइप टाकीच्या पूर्ण दाबाचा असतो, दाब उतरतो तो स्टोव्हपाशी. मधे अजून एक घरगुती रेग्युलेटर घातला की दोनदा दाब उतरून ज्योत मरते, म्हणून ते लोक व्हिडिओत ओरडून सांगतात की रेग्युलेटर लावू नका. आपल्या या शेगडीच्या मागच्या नळीला आत रेग्युलेटर नाही. कॅनच्या वाटेवर आहे, नळीच्या वाटेवर नाही. म्हणजे तो व्हिडिओ बघून कोणी टाकी थेट जोडली तर काय होईल ते तुम्हीच ओळखा. दाब एकदाच उतरला पाहिजे, पण एकदा तरी उतरलाच पाहिजे, आणि आपल्याकडे ते काम टाकीवर टक्क करून बसतो तो साधा घरगुती रेग्युलेटर करतो. टाकीच्या आत काही बार दाब असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), तो बाहेर सोडतो 30 मिलीबारने, म्हणजे एका बारचा तेहेतिसावा भाग.

पेटीबरोबर आलेला हिरवट पारदर्शक पाइप मी लावलाच नाही. अंगणात आठवडाभर ठेवून बघितला, उन्हाने कडक झाला, वाकवला की पांढरी रेघ उमटायची. एजन्सीतून केशरी सुरक्षा पाइप आणला, दीड मीटरचा, आयएसआय मार्कवाला, आत तारेची जाळी असते त्यामुळे उंदीर लगेच आरपार जात नाहीत (आमच्याकडे उंदीर हा कुटुंबाचा भाग आहे). त्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायचा.

मांडणी अशी केली. परसात गडग्यापासून लांब चार चिरे रचले, त्यावर शेगडी, टाकी खाली जमिनीवर उभी, पाइप ताणला जाणार नाही इतक्या अंतरावर. टाकी आडवी करायची नाही, आडवी केली की वायूऐवजी आतला द्रवरूप गॅस पाइपात येतो. आणि खळगा किंवा बंद पडवी नको, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर उडून जात नाही, खाली साचून बसतो. वाऱ्यासाठी पत्रा फक्त शेगडीच्या एका बाजूला उभा केला, शेगडी आणि टाकी दोन्हींना मिळून आडोसा करायचा नाही, नाहीतर टाकीपण भाजत बसते. खारा वारा सुटला की ज्योत विझते आणि या शेगडीत विझल्यावर गॅस आपोआप बंद व्हायची सोय नाही, त्यामुळे माणूस शेजारी हवाच. टाकी जोडलेली असताना कॅन कप्प्यातून काढून घरात ठेवायचा, हे तर पत्रकातही लिहिलंय.

मग साबण. वाटीत कपड्याच्या पावडरचा दाट फेस, जुना ब्रश. शेगडीचं बटण बंद, रेग्युलेटर चालू, आणि तीन ठिकाणी फेस लावायचा, टाकी आणि रेग्युलेटरच्या मधे, रेग्युलेटरवर पाइप चढतो तिथे आणि मागच्या पितळी नळीवर. पहिल्या दोन जागा शांत. पितळी नळीवर फेसात एक बुडबुडा आला, मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा झाला, फुटला, परत मोहरी. वास काहीच नाही आला बरं का, मोकळ्या हवेत नाकावर विसंबू नका. रेग्युलेटर बंद केला, पाइप काढून नीट शेवटपर्यंत दाबून बसवला, परत फेस, बुडबुडा नाही. काडी पेटवून गळती बघणारे महाभाग आमच्या वाडीत आहेत, त्यांना 1906 हा गॅसच्या इमर्जन्सीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवायला सांगितलंय.

मे महिना झकास गेला. रस आटला, आठळ्या उकडल्या, रोज दोन कुकर फणसाची भाजी. जूनमध्ये पाइप काढला, शेगडी पुसली आणि पडवीतल्या फळीवर ठेवली. पेटीत नाही ठेवली, कारण पेटीचा एक कान मेमध्येच तुटला. हे लक्षात ठेवा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काढली तर टाकीवर ज्योत करंगळीच्या नखाएवढी. निळी, पण मरतुकडी. चहाला वीस मिनिटं! कॅन लावला तर फर्रर्र पूर्ण आच. म्हणजे बर्नर ठीक, जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) ठीक. टाकी बदलली, रेग्युलेटर आतल्या शेगडीवर लावून बघितला, तिथे उत्तम. मग मी कंपनीला फोन केला आणि पुढचे अकरा दिवस ते फोन. पहिल्याने सांगितलं व्हिडिओ पाठवा, पाठवला. दुसरा म्हणाला एलपीजीवर वॉरंटी नाही. अहो, पेटीवर एवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय ना दोन्हीवर चालते म्हणून? तिसरी बाई गोड बोलली आणि म्हणाली, "सर, प्रेशर कमी पडतंय, हायप्रेशर रेग्युलेटर लावा."

इथपर्यंतचं मी तेव्हाच रागात लिहून ठेवलं होतं, खाली पाचपैकी एक स्टार देऊन. पुढचं नंतरचं आहे.

चिपळूणला कामाला गेलो होतो, तिथून केटरिंगवाले भट्टीला लावतात तो चावीवाला हायप्रेशर रेग्युलेटर घेऊन आलो, 420 रुपये. दुकानदारानेपण तेच सांगितलं, काका लावा, रॉकेटसारखी पेटेल. रात्री लावणार तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, मे महिन्यात याच रेग्युलेटरवर चालत होती ना? मग आता त्याला काय झालं?" एवढं साधं वाक्य, आणि मी, कंपनी, दुकानदार कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पत्रक शोधलं, तिळाएवढ्या अक्षरात लिहिलेलं, मागच्या नळीला दाब 2.8 किलोपास्कल. 2.8 किलोपास्कल म्हणजे 28 मिलीबार. म्हणजे आपला 30 वाला घरगुती रेग्युलेटरच बरोबर होता, आणि कंपनीच्याच बाईने मला कंपनीच्याच पत्रकाच्या कितीतरी पट दाब लावायला सांगितलं होतं. अंगावर काटा आला.

सकाळी उजेडात शेगडी उलटी केली आणि पितळी नळीत मोबाइलचा टॉर्च मारला. आत माती. लालसर, गुळगुळीत, बोटाने लिंपल्यासारखी, आणि एका कडेला सुईच्या टोकाएवढी फट. कुंभारमाशी! आमच्याकडे ती कुलपाच्या भोकात घर करते, प्लगपॉइंटात करते, एकदा आईच्या बासरीत केलं होतं. त्या फटीतून जेवढा गॅस यायचा तेवढीच ज्योत. कॅनची वाट वेगळी म्हणून तिथे सगळं छान. आणि याच बुचावर मी हायप्रेशर लावला असता तर माती सुटून सगळा दाब एकदम बर्नरवर आला असता, आणि मी वर तोंड करून बघत बसलेला.

साफ करताना फुंकर मारायची नाही, काडीने आत ढकलायचं तर नाहीच, माती आत गेली की वॉल्व्हमध्ये जाते. नळीचं तोंड खाली धरून खराट्याच्या हिराने हळूहळू कोरलं. आधी मातीची भुकटी पडली, मग तीन बारक्या हिरव्या अळ्या, सुस्त पण जिवंत, माशीने पोरांसाठी साठवलेल्या. अर्धा तास लागला. तरी खात्री नको म्हणून बाजारात शेगडी दुरुस्त करणाऱ्याकडे नेली, त्याने खोलून नळी आणि जेट साफ केला, 80 रुपये, आणि हसला. "काका, माझ्याकडे पावसाळ्यात दर आठवड्याला एक येते." परत पाइप, परत फेस, तिन्ही जागा कोरड्या शांत. ज्योत मेसारखी. हायप्रेशरवाला परत दिला, त्याने 50 कापून घेतले.

तर एक स्टार मागे घेतो. शेगडी चांगली आहे, कढई डगमगत नाही, नऊ महिन्यांत खाऱ्या हवेत गंज फक्त स्क्रूंना आणि पाय टेकतात त्या पत्र्याला. ठिणगीचं बटण जुलैपासून दमट हवेत चालत नाही, लायटर वापरतो, त्याचं दुःख नाही. पण टोपण! अहो, कॅनच्या तोंडाला लाल टोपण असतं ते तुम्ही देता, पेटीच्या आत थर्माकोलचा साचा देता, चार भाषांत पत्रक देता, आणि ज्या नळीतून गॅस आत जायचा तिला दोन रुपयांचं रबरी टोपण नाही? मी कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की टोपण सुटं मिळत नाही, पूर्ण ॲडॅप्टर सेट घ्यावा लागेल, 650 रुपये. आणि त्या सेटच्या फोटोतसुद्धा टोपण नाही!! मी फोटो मोठा करून करून बघितला.

शेजारचे तात्या होमस्टे चालवतात, त्यांनी ही बघून विचारलं की पाहुण्यांच्या नाश्त्याला लावू का. लावा, पण घरची लाल टाकी धंद्याला चालत नाही, 19 किलोची कमर्शियल घ्या, असं सांगितलं तर त्यांचा उत्साह गेला. किनाऱ्यावर न्यायची असेल तर 5 किलोची छोटी टाकी ओळखपत्र दाखवून एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळते, 14.2 ची रिक्षात आडवी घालून नेऊ नका.

सध्या आईने नळीच्या तोंडावर जुन्या लुगड्याची चिंधी घालून रबर बांधलंय, आंब्याच्या पेटीतलं. पाइप लावताना ती काढायची आठवण राहावी म्हणून मुद्दाम लाल चिंधी घेतलीय. गणपती तोंडावर आलेत, उकडीच्या मोदकांचं पातेलं यावरच चढणार आहे. कोणाला या मापाचं रबरी टोपण कुठे मिळतं माहीत असेल तर कळवा, नळी बाहेरून साडेनऊ मिलीमीटर भरली, दोनदा मोजलीय. पाच-दहा घेऊन ठेवीन म्हणतो, दुरुस्तीवाल्यालाही हवी आहेत.