आजारी कोंबडी आणि आमच्या तालुक्यातील एक पशुवैद्यकीय दवाखाना

घरात पाळलेली कोंबडी गंभीर आजारी पडली की तिला न्यायचे कोठे, हा प्रश्न सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावातही सोपा नाही. गाई-म्हशींसाठी सरकारी दवाखाना आहे, कुत्र्यामांजरांचे खासगी दवाखाने वाढले आहेत, पोल्ट्रीवाल्यांना कंपनीचे डॉक्टर शेडवर येऊन सल्ला देतात. परसातील एकुलत्या एका कोंबडीला मात्र कोणी रुग्ण मानत नाही. ज्या खासगी दवाखान्याविषयी मी लिहीत आहे तेथे तिला रुग्ण मानले गेले. तो चालवणाऱ्या डॉक्टरबाई एकट्याच काम करतात आणि लांबच्या गावांहून येणारे फोन त्यांना आधीच आवरत नाहीत, म्हणून त्यांच्याच विनंतीवरून दवाखान्याचे नाव येथे देत नाही. तरीही हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे, कारण कोंबडीच्या उपचारात दवाखान्याचा वाटा फार तर अर्ध्या तासाचा असतो, उरलेले सारे घरी करावे लागते, आणि ते कसे करायचे हे घरच्यांना नीट शिकवणे हाच या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे.

आमची चंपी ही चौथ्या वर्षातील गावरान कोंबडी. सासूबाईंनी तिला पिल्लापासून वाढवलेले. तिने अंडी देणे थांबवले, त्यानंतर तिचे पोट खालच्या बाजूने फुगून मऊ लागू लागले, तुरा फिकट पडला आणि ती अंग सरळ उभे ठेवून, पाय फाकवून चालू लागली. आधी आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तेथे तिला तपासणीच्या टेबलावरही घेतले नाही. हिच्या औषधाच्या पैशांत चार कोंबड्या येतील, असे सांगून परत पाठवले. सासूबाईंना ते फार लागले.

डॉक्टरबाईंनी कोंबडीला हात लावण्यापूर्वी हातमोजे आणि मास्क घातला व पहिला प्रश्न विचारला तो इतर कोंबड्यांविषयी: खुराड्यात किंवा शेजारीपाजारी आणखी काही कोंबड्या मेल्या आहेत का? महाराष्ट्रात हा प्रश्न कोणत्याही पशुवैद्यकाने विचारलाच पाहिजे, कारण देशातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथेच झाला होता. एकाच वेळी अनेक पक्षी दगावले, डोके सुजले, तुरे निळे-जांभळे पडले, तर घरी उपचार करत बसू नये आणि मेलेला पक्षी उघडून पाहू नये. ताबडतोब पशुसंवर्धन विभागाला कळवावे, असे त्यांनी आम्हाला स्वच्छ सांगितले. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस दिली होती का, हेही त्यांनी लिहून घेतले.

तपासणी घाईची नव्हती. वजन, चोचीच्या आतील रंग, गळ्याखालची अन्नाची पिशवी, छातीच्या हाडाभोवतीचे मांस, मागील द्वार आणि पोट या क्रमाने त्यांनी पाहिले आणि प्रत्येक ठिकाणी सासूबाईंचे बोट ठेवून त्यांनाही ते जाणवून दिले. अडकलेले अंडे पोटात बहुधा कडक लागते, येथे मात्र पाणी असल्यासारखे लागत होते. निदान असे झाले की अंडाशयातून सुटलेला बलक अंडनलिकेत न शिरता पोटाच्या पोकळीत पडत होता आणि त्यातून दाह व जंतुसंसर्ग झाला होता. पोटातील काही पाणी त्यांनी सुईने काढले. ते सगळे एकदम काढल्यास अशक्त कोंबडी तेथेच कोसळू शकते, म्हणून फक्त श्वास मोकळा होईल इतकेच काढले. त्यानंतर वजनावर मात्रा काढून प्रतिजैविक आणि वेदनाशामक औषध दिले. ही कोंबडी खाण्यासाठी नाही, हे त्यांनी आम्हाला विचारून केसपेपरवर लिहिले, आणि उपचार सुरू असताना व त्यानंतर अमुक तारखेपर्यंत तिने अंडे दिलेच तर ते टाकून द्यावे, असेही लिहून दिले. औषधाचा अंश अंड्यात उतरतो ही गोष्ट आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तिची येथे मुद्दाम नोंद करतो.

त्यांनी हाताने लिहून दिलेला दोन पानी कागद हे या सेवेचे खरे मोल आहे. त्यातील पहिली सूचना उबेची. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते, त्यामुळे आपल्या हाताला गरम लागले म्हणून तिला ताप आहे असे समजू नये. उलट आजारी कोंबडी ऊब टिकवण्यातच शक्ती घालवते, म्हणून तिची जागा साधारण २७ ते ३० अंशांवर ठेवावी. येथे एक अडचण होती, आणि डॉक्टरबाईंनी ती आमच्या आधी ओळखली. पिल्लांसाठी आपण पिवळा बल्ब लावतो, पण उजेडाचे तास वाढले की कोंबडी अंड्यावर येते, आणि चंपीच्या बाबतीत अंडे देणे हेच तर थांबवायचे होते. म्हणून बल्बऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवायची, म्हणजे नको वाटल्यास तिला दूर सरकता येईल, आणि संध्याकाळ होण्यापूर्वीच खोके झाकून उजेड दिवसाला आठ ते दहा तासांवर आणायचा, असे ठरले. घरात वीज खात्रीची असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर चालतो. हल्लीच्या एलईडी दिव्याने पुरेशी ऊब मिळतच नाही, हेही त्या कागदावर होते. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्णता जास्त झाल्याची खूण आहे, हे वाचून आम्ही रात्री उठून पाहत असू.

दुसरी महत्त्वाची सूचना भरवण्याची. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी, अगदी मध्यावर असते. त्यामुळे मान मागे करून चोचीत पाणी ओतले की ते थेट फुप्फुसात जाऊ शकते, आणि आजारी कोंबडी आजाराऐवजी त्यानेच मरते. पाणी किंवा औषध सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला थेंबाथेंबाने सोडावे, तिने गिळले की पुढचा थेंब द्यावा. खाण्यासाठी कोमट पाण्यात भिजवलेले मॅश, म्हणजे कोंबड्यांचे दळलेले खाद्य, आणि थोडा उकडलेल्या अंड्याचा बलक सांगितला होता. इलेक्ट्रोलाइटची पावडर घातलेल्या पाण्याशेजारी साध्या पाण्याचे भांडेही ठेवायचे होते, कारण चव न आवडल्यास ती पाणीच सोडून देते. नळी घालून भरवणे मात्र घरी करू नये, ते दवाखान्यातच होईल, असे त्यांनी ठामपणे सांगितले, आणि मला ते योग्य वाटले.

तिसऱ्या भागात रोज काय पाहायचे ते होते. सकाळी दाणे टाकण्यापूर्वी गळ्याखालची पिशवी चाचपावी; ती रिकामी असली पाहिजे. रात्रीचे अन्न सकाळीही तेथेच असेल, पिशवी कणकेसारखी घट्ट लागत असेल किंवा चोचीला आंबूस वास येत असेल, तर भरवणे थांबवून फोन करावा. शिटेचे वर्णनही असेच नेमके होते: तपकिरी-हिरवट गोळ्यावर पांढरा थर ही नेहमीची शीट, मधूनमधून येणारी चिकट, गडद आणि दुर्गंधीची शीटही नेहमीचीच, पण गडद हिरवी पातळ शीट बहुधा पोटात अन्न नसल्याची खूण आणि रक्त दिसल्यास नमुना घेऊन त्याच दिवशी यावे. वजन रोज एकाच वेळी, स्वयंपाकघरातील काट्यावर करायचे होते. कोंबडी आजार लपवते, पिसांखाली रोडावलेले अंग दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पुढे शब्दशः पटले. खोक्यात भुशाऐवजी जुने सुती कापड घालण्याचा सल्लाही यासाठीच होता, की शीट स्पष्ट दिसावी.

सासूबाईंनी विचारले, "बरी होईल का हो ही?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, हा आजार बहुतेक वेळा उलटतो. आपण तिला चांगले दिवस मिळवून देऊ, किती ते आज सांगता येणार नाही." खोटी आशा न दाखवता, तरीही उपचार सोडून न देता बोललेले हे वाक्य मला त्यांच्या शुल्कापेक्षा मोठे वाटले.

शुल्काचे सांगायचे तर तपासणीचे ३०० रुपये, पोटातील पाणी काढण्याचे वेगळे, घरभेटीचे ६०० रुपये अधिक पेट्रोल. औषधे स्वस्त होती. फोनवरील सल्ल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, शिटेचे आणि चालण्याचे छोटे व्हिडिओ मागवून त्या संध्याकाळी उत्तर देत. ही सवलत त्यांनी अशीच चालू ठेवावी असे मात्र मला वाटत नाही. एवढ्या वेळाचे मोल त्यांनी घ्यायला हवे, नाहीतर ही सेवा टिकणार नाही.

उणिवाही आहेत. दवाखान्यात एक्स-रे आणि सोनोग्राफी नाही, त्यासाठी त्या शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाण्यास सांगतात. रात्री दवाखाना बंद असतो. बसायची जागा एकच असल्याने घाबरलेल्या कोंबडीसमोर कुत्री भुंकत राहतात. पक्ष्यांसाठी आठवड्यातील एखादी वेळ राखून ठेवल्यास फार बरे होईल. गोळ्या मोठ्या जनावरांच्या मापाच्या मिळतात आणि त्यांचे बारीक भाग करणे घरच्यांवर पडते. पहिल्या वेळी तरी मात्रा दवाखान्यातच पुड्या बांधून मिळायला हवी.

चंपी त्या उपचारानंतर उठली, खाऊ लागली, पावसाळाभर अंगणात हिंडली. थंडीत पोट पुन्हा भरले, आणि या वेळी पाणी काढूनही तिला आराम पडेना. बसल्या जागी धाप लागते, दोन दिवस स्वतःहून दाणा टिपला नाही आणि उभी राहवत नाही, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर मला बोलवा, असे डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवले होते. त्या घरी आल्या, आधी भूल दिली आणि मग शेवटचे इंजेक्शन दिले. खोल खड्डा घेऊन वर चुना टाकून पुरावे, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत, आणि औषध दिलेले शरीर कोणत्याही प्राण्याच्या तोंडी लागू देऊ नये, हेही त्यांनीच सांगितले. या भेटीतही त्या घाईत नव्हत्या.

आपल्या गावात असा दवाखाना शोधायचा असेल तर फोनवर दोनच प्रश्न विचारावेत: तुम्ही एकट्या कोंबडीचे वजन करून मात्रा ठरवता का, आणि घरी काय करायचे ते लिहून देता का. कोंबडी नेताना हवा खेळती राहील अशा झाकलेल्या खोक्यातून, शक्यतो सकाळी न्यावी. त्या दिवसाची ताजी शीट कागदावर, खाद्याच्या पिशवीवरील लेबलाचा फोटो, शेवटचे अंडे कधी दिले ती तारीख आणि आधी दिलेल्या सर्व औषधांची रिकामी पाकिटे सोबत असावीत. मेडिकलमधून विचारून आणलेले प्रतिजैविक आधी दिले असेल तर तेही लपवू नये, कारण पुढचे औषध त्यावरच ठरते.