तीन माणसं उभी राहिली म्हणून स्टँड पक्का होत नाही

"टेन्शन काहून घेता भाऊ, तीन माणसं उभी करून दाखवतो." मोठ्या फिशटँकसाठी स्टँड बनवून घेणाऱ्याला नागपुरात हे वाक्य ऐकायला मिळतंच. आणि खरंच दाखवतात. दुकानातली दोन पोरं आणि मालक असे तिघं वर चढतात, पाय आपटून दाखवतात, आणि गिऱ्हाईक उरलेले पैसे मोजून देतं.

इथे दिलेल्या प्रकरणात अगदी असंच झालं. टाकी ॲक्रिलिकची, पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, भिंती १२ मि.मी. जाड. तोंडी ठरलं होतं ते असं: ४० बाय ४० मि.मी.चा चौकोनी लोखंडी पाइप, जाडी २ मि.मी., सहा पाय, वर १९ मि.मी.ची मरीन (पाण्यात टिकणारी) प्लाय. घरी आला तो चार पायांचा स्टँड. काळा रंग, चकचकीत सनमायका, कोपरे गुळगुळीत. मधले पाय कुठे गेले, तर "मधात पाय दिला तर खाली फिल्टर बसत नाही" हे उत्तर. बिलावर एकच ओळ: एमएस (साध्या लोखंडाचा) स्टँड, १ नग. पाचव्या महिन्यात टाकीच्या तळाच्या सांध्यात केसाएवढ्या पांढऱ्या रेषा उमटल्या. टाकी भरलेली असतानाच स्टँडच्या लांब आडव्या पाइपाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला, तर मध्ये साडेपाच मि.मी. झोळ निघाला.

टाकी रिकामी करून स्टँड सुटा केला. पाइप निघाला १.२ मि.मी.चा. वरच्या चौकटीत तीन आडव्या पट्ट्या हव्या होत्या, होती एकच. खालच्या चौकटीत मधली पट्टीच नाही. प्लाय काढून नुसती लोखंडी चौकट वजन केली, तर १७ किलो. ठरल्याप्रमाणे केली असती तर ती ३५ किलो भरायला हवी होती. लोखंडाचा भाव किलोला ८० रुपये धरला, तर चोरी दीड हजाराचीही नाही. त्या दीड हजारापायी टाकीचा तळ गेला.

वजनाची ही तपासणी सगळ्यात सोपी आहे आणि कोणी करत नाही, म्हणून तिचा हिशेब सविस्तर देतो. ४० बाय ४० चा पाइप २ मि.मी. जाडीचा असेल तर मीटरला सुमारे २.३ किलो भरतो, १.६ चा सुमारे १.८५ आणि १.२ चा सुमारे १.४ किलो. लोहाओळीत, म्हणजे नागपूरच्या लोखंडबाजारात, भाव करताना गेजची भाषा चालते: १४ गेज म्हणजे २ मि.मी., १६ म्हणजे १.६, १८ म्हणजे १.२. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवख्याला उलटं वाटतं, आणि "अठरा गेज, एकदम भारी" हे वाक्य त्याच्या गळी सहज उतरतं. आता पाच बाय दोन फुटांचा, अडीच फूट उंच, सहा पायांचा स्टँड घ्या. वरची चौकट ४.२ मीटर, त्यातल्या तीन आडव्या पट्ट्या १.८, खालची चौकट मधल्या पट्टीसकट ४.८, सहा पाय साडेचार. एकूण १५.३ मीटर. त्याला २.३ ने गुणलं की ३५ किलो. घरच्या वजनकाट्यावर स्टँडची एक बाजू, मग दुसरी बाजू ठेवून बेरीज करा. दुसरी बाजू तेवढ्याच उंचीच्या विटेवर टेकवायला विसरू नका, नाहीतर बेरीज चुकेल. दोन-तीन किलोचा फरक वेल्डिंग-रंगात जातो. दहा किलोचा जात नाही.

पाइपाचं मोकळं टोक समोर असेल तर जाडी मोजायला व्हर्नियर लावा. पण पाइप जिथे कापला तिथली कड ग्राइंडरने फुगलेली असते आणि आतून शिवणीचा उंचवटा असतो. दोन्ही जागा टाळून मोजा, नाहीतर १.६ चा पाइप २ चा दिसतो.

आता त्या तीन माणसांबद्दल. तिघांचं वजन धरा २१० किलो. ह्या टाकीत पाणी वरची दोन इंच सोडूनही ४८० लिटर, म्हणजे ४८० किलो. ॲक्रिलिक ५५ किलो. वाळू-दगडांचं वजन मिळवून त्यांनी सरकवलेलं पाणी वजा केलं तरी एकूण भार ६०० किलोच्या घरात जातो, आणि तो मिनिटभर नाही, बारा महिने चोवीस तास राहतो. शिवाय माणसं उभी राहतात ती कोपऱ्यांजवळ, पायांच्या वर. ती मध्ये जरी उभी राहिली तरी पाइप चार-पाच मि.मी. वाकेल आणि ती उतरली की सरळ होईल. डोळ्यांना ते कळत नाही.

काचेच्या टाकीचा स्टँड करणाऱ्यांची अडचण इथेच होते. ते पाइप तुटेल का एवढंच बघतात. पाइप तुटत नाही. १५०० मि.मी. अंतरावर फक्त टोकाला पाय असतील, तर ह्या भाराखाली २ मि.मी.चा पाइपसुद्धा मध्ये सुमारे ९ मि.मी. वाकतो, १.२ चा सुमारे १४, आणि हा १.२ चा तर पुन्हा सरळ न होण्याच्या उंबरठ्यावर असतो. मध्ये एक पाय दिला की अंतर अर्धं होतं. वाकणं अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतं, म्हणजे सोळावा हिस्सा: ९ मि.मी.चं अर्ध्या मिलिमीटरवर येतं. महाग पाइप घेण्यापेक्षा हे दोन पाय जास्त काम करतात, आणि नेमके तेच गाळले जातात.

मग प्रत्यक्षात १४ ऐवजी साडेपाचच का वाकला? कारण उरलेला भार टाकीने स्वतः उचलला. दोन फूट उंचीच्या भिंती तुळईसारख्या काम करू लागल्या. खालून आधार सुटलेला तळ पाण्याच्या वजनाने खाली ओढला गेला, आणि ती सगळी ओढ तळ-भिंतीच्या चिकटवलेल्या सांध्यावर आली. ॲक्रिलिक काचेसारखं एकदम तडकत नाही, हळूहळू ताणत राहतं, म्हणून महिनोन्‌महिने सगळं ठीक वाटतं. पांढऱ्या बारीक रेषा हा पहिला इशारा. त्यावर स्पिरिट किंवा काच पुसायचं अमोनियावालं द्रावण मारलं, तर त्या तासाभरात पसरतात. असल्या टाकीला पुसायला नुसतं पाणी आणि मऊ कापड.

काचेच्या आणि ॲक्रिलिकच्या स्टँडमध्ये फरक हाच. कडेची फ्रेम असलेली काचेची टाकी कडांवर बसते. ॲक्रिलिकला तळाचा प्रत्येक इंच टेकलेला लागतो. "आम्ही शंभर टँक बसवले" म्हणणाऱ्याला विचारा, त्यातले ॲक्रिलिकचे किती.

दुसरी चोरी प्लायमध्ये. ठरली होती मरीन, म्हणजे आयएस (भारतीय मानक) ७१० ची. निघाली १६ मि.मी.ची साधी एमआर (थोडीफार ओल सोसणारी) प्लाय. साध्या आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणाऱ्या) प्लायचा मानक क्रमांक आयएस ३०३ आहे, आणि "आयएसआय मार्क आहे ना" असं म्हणत तीच मरीन म्हणून गळ्यात मारतात. मार्क खरा असतो, क्रमांक दुसरा असतो. पाटावर शिक्क्यासोबत सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ह्या भारतीय मानक ब्युरोच्या ॲपमध्ये टाका, कंपनी आणि मानक दोन्ही समोर येतात. पण सनमायका चिकटल्यावर शिक्का दिसायचा कुठून? म्हणून प्लाय लकडगंजातून, म्हणजे लाकूडबाजारातून, स्वतः घेऊन सुताराकडे द्यावी, किंवा निदान "सनमायका लावायच्या आधी बघायला येतो" असं आधीच बजावून ठेवावं. कापलेले तुकडे परत मागा. डिंकाच्या रेघेचा रंग बघून ओळखता येतं म्हणतात: मरीनची गडद तपकिरी, साधीची फिकी. पण डिंकात रंग मिसळता येतो, त्यावर भिस्त ठेवू नका. एक तुकडा पातेल्यात उकळत ठेवा. मरीन प्लायला मानकानुसार ७२ तासांचं उकळणं सोसावं लागतं. आपण आठ तास केलं तरी साधी एमआर प्लाय पापडासारखी सुटलेली असते; बीडब्ल्यूआर मात्र तेवढं सोसू शकते, तिच्यासाठी शिक्काच बघा.

नागपुरात मरीनच घ्यायला अजून एक कारण आहे. मार्चअखेरपासून पावसापर्यंत घरात कूलर चालतो आणि टाकी बहुतेक हॉलमध्ये, कूलरच्या वाऱ्यातच असते. ह्या स्टँडची मागची, सनमायका नसलेली कड त्या दमटपणाने फुगली होती. दोन-अडीच मि.मी.चा फुगवटा, बरोबर टाकीच्या तळाखाली. मरीन प्लायचीही कापलेली प्रत्येक कड एपॉक्सी किंवा पीयूचे दोन हात देऊन बंद करायची असते. मागची आणि खालची आधी.

तिसरी गोष्ट वेल्डिंग. कोपरे गुळगुळीत का होते ते रंग खरवडल्यावर कळलं: चार बाजूंऐवजी दोन टाके मारून बाकी पुट्टी. शिवाय लांब पाइप पायांच्या मधोमध अडकवलेले, म्हणजे सगळा भार त्या टाक्यांवर. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. मग वेल्ड फक्त जागेवर धरून ठेवतो, वजन पाइपातून सरळ जमिनीत जातं. चारही बाजूंनी सलग वेल्ड हवा, आणि स्टँड रेडऑक्साइड (रंगाआधीचा तांबडा हात) लागायच्या आधी बघायचा. ओबडधोबड पण सलग वेल्ड चालतो. सुंदर कोपऱ्याला नखाने टोकरून बघा, पुट्टी कळते.

नीट स्टँड करायचा असेल तर क्रम असा. २० फुटी तीन पाइप घ्या, २ मि.मी.चे, दुकानातच वजन करा, प्रत्येकी १४ किलोच्या आसपास भरला पाहिजे. वरच्या चौकटीत आडव्या पट्ट्या ३७५ मि.मी.वर. पाय सहा, पुढचा मधला पाय फिल्टरच्या आड येत असेल तर फिल्टर लहान घ्या किंवा मागून आत सरकवा, पाय काढू नका. वेल्डिंगने चौकट पिळते, म्हणून आधी सगळीकडे टाके, मग कर्ण मोजायचे (दोन्ही सारखे आले पाहिजेत), आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने पूर्ण वेल्ड. पायाखाली प्लेट आणि १२ मि.मी.चे बोल्ट, लेव्हल करायला. आडवा डुलू नये म्हणून मागे १२ मि.मी.ची प्लाय स्क्रूने ठोका किंवा कोपऱ्यांना तिरक्या पट्ट्या द्या. ह्या प्रकरणातल्या स्टँडला दोन्हीपैकी काहीच नव्हतं.

वरची प्लाय बसल्यावर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर फिरवा. खाली कुठेही १ मि.मी.पेक्षा जास्त फट नको. असली तर दुरुस्ती लोखंडातच करायची. टाकीखाली पुठ्ठ्याच्या चिपा सरकवून लेव्हल आणणं हे ॲक्रिलिकचं मरण आहे, कारण चिप जिथे आहे तिथेच भार गोळा होतो. चिपा घालायच्या त्या स्टँडच्या पायाखाली. प्लायवर १० मि.मी.चा फोम अंथरला की वाळूचा एखादा कण पचतो. वाकलेला पाइप त्याने सरळ होत नाही. टाकी प्लायला चिकटवू नका आणि कडेने घट्ट पट्टीही ठोकू नका. ॲक्रिलिक काचेच्या सात-आठ पट पसरतं. जानेवारीची पहाट आणि नवतपा (मे-अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) ह्यांत खोलीत २५ अंशांचा फरक धरला, तर पाच फुटांत अडीच मि.मी.चा खेळ होतो. बाजूंना पाच मि.मी. मोकळे ठेवा.

वरच्या मजल्यावर फ्लॅट असेल तर टाकी भिंतीला लागून, तुळईवर किंवा तुळईला काटकोनात ठेवायची. घरांच्या मजल्यांचा हिशेब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोने केलेला असतो, आणि ही टाकी स्टँडसकट जेवढ्या जागेवर टेकते तिथे चौरस मीटरला ७०० किलोच्या दराने बसते. शंका असेल तर इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारूनच पाणी भरा.

पाणी एकदम भरू नका. दोरा ताणून ठेवा, एक तृतीयांश भरा, मध्ये मोजा. वाकणं भाराच्या प्रमाणात वाढतं, म्हणून पहिल्या टप्प्यालाच १ मि.मी. दिसलं तर पूर्ण भरल्यावर ३ होणार, आणि तिथेच थांबायचं. मासोळ्या आणि वाळू नंतर. ही मोजणी स्टँडवाल्याचा शेवटचा हप्ता बाकी असताना करा, आणि तसं आधीच सांगून ठेवा. त्याला घाम फुटला तर ऑर्डर दुसरीकडे.

बिलावर नग नको, मजकूर हवा: पाइपचा आकार, जाडी मि.मी.मध्ये (गेज नको), पाइपचा मानक क्रमांक आयएस ४९२३, पायांची संख्या, चौकटीचं वजन, प्लायची जाडी आणि आयएस ७१०. ह्या प्रकरणात "१ नग" मुळेच भांडायला आधार राहिला नाही. नग तर दिला होता. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. पण बहुतेक जण रागाच्या भरात दुसरा वेल्डर बोलावून स्टँड नीट करून घेतात आणि पुरावा स्वतःच पुसून टाकतात. आधी व्हर्नियर लावलेल्या पाइपाचा फोटो, वजनकाट्यावरच्या चौकटीचा फोटो, ताणलेल्या दोऱ्याचा फोटो. कापलेल्या पाइपाचा वीतभर तुकडा आणि प्लायची फुगलेली कड पिशवीत तारीख लिहून. त्यानंतर वेल्डर.