नव्या गाडीचं इंजिन ऑइल: कंपनीचं वर्कशॉप, ओळखीचं गॅरेज की स्वतःचे हात?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. गाडी वॉरंटीत असेपर्यंत वेळापत्रकातलं ऑइल कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच बदलून घ्यावं. स्वतः ऑइल बदलायची हौस किंवा गरज असेल, तर दोन सर्व्हिसच्या मधलं जादा ऑइल स्वतः बदलावं. वॉरंटी संपल्यावर मात्र साध्या पेट्रोल गाडीचं हे काम घरी करणं सगळ्यात चांगलं, अट एवढीच की जागा आणि नीट हत्यारं हवीत. ओळखीचं गॅरेज या दोन्हींच्या मधे बसतं, पण तिथे समोर उभं राहायची तयारी लागते.

उदाहरण म्हणून मारुती बलेनो घेऊ. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, खाली फार गुंतागुंत नाही. ऑइलचा ग्रेड ०डब्ल्यू-१६ (म्हणजे खूप पातळ), फिल्टरसह बदलताना साधारण ३.१ लिटर. तुमची गाडी दुसरी असेल तर ग्रेड आणि माप तिच्या पुस्तिकेतून घ्या. शेजाऱ्याच्या गाडीवरून नाही.

पहिल्या वर्षी पैसे वाचत नाहीत

मारुतीच्या पहिल्या तीन सर्व्हिस (१,०००, ५,००० आणि १०,००० किमी, किंवा १ महिना, ६ महिने आणि १ वर्ष) मजुरीमुक्त असतात. पैसे लागतात ते ऑइल, फिल्टर आणि वॉशरचे, आणि ते घरी केलं तरी लागणारच. वर हत्यारांचा खर्च येतो: रॅम्पची (चाकं चढवायच्या उताराची) जोडी, टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळायचा), फिल्टरचा पाना, ऑइल धरायचं पसरट भांडं, नरसाळं, नायट्राइलचे हातमोजे. बऱ्या दर्जाचं सगळं घेतलं तर सात-आठ हजारांच्या आसपास जातं. हे पैसे वसूल व्हायला लागतात ते मोफत सर्व्हिस संपल्यावर, आणि घरात दोन गाड्या असतील तर लवकर. पहिल्या वर्षी फक्त बचतीसाठी हे काम अंगावर घेण्यात अर्थ नाही.

मग नव्या गाडीचं ऑइल स्वतः बदलायचंच कशाला? याचं खरं उत्तर आपल्या रहदारीत आहे. १०,००० किमी हा आकडा इंजिन किती तास चाललं ते सांगत नाही. ताशी ६० च्या सरासरीने महामार्गावर हे अंतर १६७ तासांत होतं. पुण्या-मुंबईच्या गर्दीत ताशी १५ च्या सरासरीने त्याच अंतराला ६६७ तास लागतात. ऑइल चौपट वेळ राबतं, आणि त्यातला बराच वेळ गाडी जागेवर उभी असते. त्यात घर ते ऑफिस चार किलोमीटर असेल तर ऑइल पुरतं तापतच नाही. जळताना तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल त्यातच साठत जातं. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसतो तो बहुतेक वेळा याच पाण्याचा. कूलंटची पातळी घटत नसेल तर घाबरून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) उघडायला लावू नका, एकदा सलग तासभर गाडी चालवा. अशा वापरासाठी पुस्तिकेत वेगळा, जवळच्या मुदतीचा तक्ता असतो. सर्व्हिस ॲडव्हायझर तो आपणहून क्वचितच दाखवतो. स्वतः बदललेलं मधलं ऑइल इथे कामाला येतं.

‘नव्या इंजिनात झिजेचे कण असतात, म्हणून १,००० किमीलाच ऑइल काढा’ हा सल्लाही सर्रास मिळतो. सुरुवातीला कण जास्त असतात हे खरं, पण ते अडवायलाच फिल्टर आहे. ५,००० च्या सुमारास एक जादा बदल करणं समजण्यासारखं आहे. १,००० ला घाई नको.

वॉरंटी: कायदा काय म्हणतो, काउंटरवर काय होतं

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्याच आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या आणि वाद लांबला. ग्राहकाच्या बाजूचं तत्त्व म्हणून हे माहीत असावं. पण इंजिनात बिघाड झाला की काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो सर्व्हिस रेकॉर्डचा. वेळापत्रकातली एक सर्व्हिस तिथे दिसली नाही तर भांडण तुमच्या वाट्याला येतं. मारुतीची वॉरंटी जुलै २०२४ पासून ३ वर्षं किंवा १ लाख किमी आहे. एका ऑइलच्या मजुरीसाठी ती वादात ओढू नये.

मधे जादा ऑइल बदललं तर रेकॉर्डमधली एकही नोंद चुकत नाही. तरी ऑइल आणि फिल्टरचं बिल, तारीख, किलोमीटर आणि डब्यावरच्या बॅच नंबरचा फोटो जपून ठेवा. मात्र तुमच्या हातून सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) आटा गेला तर तो खर्च तुमचाच, हे धरून चाला.

तिन्हीकडे काम कसं होतं

अधिकृत वर्कशॉपची बाजू भक्कम आहे ती ऑइलपलीकडच्या गोष्टींमुळे: ब्रेक, सस्पेन्शन, गळती यांची तपासणी, सॉफ्टवेअर अपडेट, रिकॉल असेल तर त्याचं काम, आणि गाडी विकताना दाखवायला सलग नोंद. तिथे सावध राहायचं ते जॉब कार्डवर. इंजिन फ्लश, इंजिन कोटिंग, डीकार्बनायझिंग असल्या ओळी नव्या गाडीला लागत नाहीत. सही करण्याआधी त्या खोडायला लावा. बिलात किती लिटर लावलंय ते पाहा आणि गाडी ताब्यात घेताना सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) स्वतः काढून बघा. जास्त भरलेलं ऑइल ही तिथली नेहमीची चूक आहे.

गॅरेजमध्ये लिफ्ट किंवा खड्डा असतो आणि मेकॅनिकचा हात सरावलेला असतो, त्यामुळे वीस मिनिटांत काम होतं. अडचण ऑइलच्या निवडीत येते. ‘एवढं पातळ ऑइल आपल्या गरमीत टिकत नाही, जाड टाकतो’ हे वाक्य ऐकलंत तर थांबवा. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, आणि बेअरिंगमधल्या फटी व ऑइल पंप पातळ ऑइल धरूनच बनवलेले असतात. त्यात २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल ओतलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर वरच्या भागात ऑइल उशिरा पोहोचतं आणि मायलेजही घटतं. ऑइल आणि फिल्टर स्वतः न्या, सील तुमच्यासमोर फोडायला लावा, जुना फिल्टर हातात मागा. ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका.

०डब्ल्यू-१६ घेताना डब्यावर एपीआय एसपी आणि आयएलसॅक जीएफ-६बी (किंवा नंतरचं जीएफ-७बी) या दर्जाच्या खुणा शोधा. ‘बी’ हे वर्गीकरण या पातळ ग्रेडसाठीच आहे; ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० वर ‘ए’ दिसेल. रिकामा डबा टाकताना त्याला भोक पाडा, नाहीतर त्यात भलतंच ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येऊ शकतो.

स्वतः करायचं तर

पहिला प्रश्न जागेचा. बलेनोचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी आहे, तेवढ्यात माणूस खाली शिरत नाही. गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका, एका मिनिटासाठीही नाही. रॅम्प वापरा किंवा ट्रॉली जॅकने उचलून जॅक स्टँडवर ठेवा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडथळे, हँडब्रेक ओढलेला, मॅन्युअल असेल तर पहिला गिअर. सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये किंवा गट्टू हलणाऱ्या फरशीवर हे काम करू नये. अशी जागा नसेल तर गॅरेज गाठा, त्यात कमीपणा नाही.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, उकळतं नको. वरचं झाकण सैल करा. ड्रेन बोल्टचं डोकं बहुतेक गाड्यांत १४ किंवा १७ मिमीचं असतं. रिंग पाना किंवा सहाकोनी सॉकेट लावा. ॲडजस्टेबल पान्याने कोन गोल होतात. सुरुवातीला धार फूटभर लांब जाते, भांडं त्या अंदाजाने ठेवा. नंतर दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या.

फिल्टर काढला की त्याची रबर रिंग त्याच्यासोबत आली का ते पाहा. कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा होतात आणि स्टार्ट केल्यावर दाबाने बरंच ऑइल जमिनीवर येतं. सगळ्यात घाण करणारी आणि सगळ्यात सहज टळणारी चूक ही. बसण्याची जागा स्वच्छ पुसा, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि तिथून पाऊण फेरा. पाना फिल्टर काढायला, बसवायला नाही.

ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वॉशर. या इंजिनांना साधारण ३५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे २० सेमीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १८ किलोचा जोर. बोल्ट आधी बोटांनी पूर्ण आत जायला हवा. अडला तर तो तिरका बसतोय, उलटा फिरवून पुन्हा लावा. ॲल्युमिनियमच्या सम्पचा आटा एका झटक्यात जातो आणि मग हेलिकॉइल (आत बसवायचा नवा आटा) किंवा नवा सम्प लागतो. टॉर्क पाना घ्या म्हणतो तो या एका बोल्टसाठी.

आता २.८ लिटर ओता आणि स्टार्ट करा. दाबाचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर मिनिटभर चालू ठेवून खाली गळती पाहा. मग गाडी सपाट जागी घेऊन बंद करा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक पाहा आणि थोडं थोडं घालून वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, दाब पडतो, आणि वाफेसोबत ऑइल इनटेकमध्ये जातं. जादा ऑइल काढून टाका, ‘चालेल’ म्हणून सोडू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा खाली पाहा आणि डिपस्टिकही तपासा.

डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढणारा पंप हा चौथा मार्ग. गाडीखाली जावं लागत नाही, बोल्टला हात लागत नाही. पण तळाचं थोडं ऑइल राहतं, आणि फिल्टर खालूनच निघत असेल तर पंपाचा अर्धा फायदा तिथेच संपतो.

बीएस-६ डिझेलवर हात शिकू नये. त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, त्याला कमी राख सोडणारं ठरावीक दर्जाचंच ऑइल लागतं. भलतं टाकलं तर तो चोंदतो आणि त्याचा खर्च ऑइलच्या कितीतरी पट असतो. काढायचं ऑइलही पेट्रोलपेक्षा बरंच जास्त.

काळं ऑइल कुठे जातं

हा मुद्दा लोक शेवटी विचारात घेतात, खरं तर आधी घ्यावा. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. गटारात ओतणं, झाडाच्या बुंध्याशी टाकणं, वाळवीसाठी लाकडाला लावणं, सेंटरिंगच्या फळ्यांना फासायला देणं, यातलं काहीच करू नका. त्यातली विषारी हायड्रोकार्बन आणि धातू मातीत व पाण्यात उतरतात. जुना फिल्टर भोक पाडून रात्रभर उलटा ठेवा, ऑइल झाकणाच्या डब्यात भरा, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका. मग ज्या वर्कशॉपमधून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे ऑइल जातं तिथे नेऊन द्या. पहिला बोल्ट सैल करण्याआधी तिथे फोन करून घेतील का ते विचारा. कुठेच घेत नसतील तर काम गॅरेजमध्येच करा.