वाळवीचं फ्री चेकिंग म्हणून दारात येणाऱ्यांपासून सावध राहा (बेळगाव, टिळकवाडी)

टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, जिथं जिथं जुनी कौलारू घरं आहेत आणि घरात वयस्कर माणसंच राहतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. वाळवीच्या औषधाच्या नावाखाली माझ्या आईवडलांना 38,000 रुपयांना फसवलं. पैसे गेले ते गेले, पण ज्या पद्धतीनं फसवलं ती सगळ्यांना कळायला पाहिजे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं घर आजोबांच्या वेळचं. चिऱ्याच्या भिंती, खाली शहाबादी, वर मंगळुरी कौलं, मागं आड आणि फणस. मी निपाणीला असते, भाऊ पुण्याला, घरात आई आणि अप्पा दोघंच. बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, जून लागला की सप्टेंबरपर्यंत भिंती सुकतच नाहीत, त्यामुळं अशा घरात वाळवी लागू शकते हे खरंच आहे, आणि ही माणसं नेमकं तेवढं खरं धरूनच आत शिरतात.

दोघं आले, गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी आणि एक छोटं मशीन. काका, पलीकडच्या घरात काम चालू आहे आमचं, आलोच आहोत तर तुमचं पण फ्रीमध्ये चेक करून देतो, म्हणाले. (पलीकडं कुणाकडंच काम चालू नव्हतं, हे नंतर कळलं.) मशीन भिंतीला लावलं की टी टी वाजायचं, प्रत्येक खोलीत वाजलं. मग एकजण माळ्यावर चढला, अप्पांना म्हणाला तुम्ही वर येऊ नका काका, पाय घसरेल, आणि खाली आला तो एक फळीचा तुकडा घेऊन, अप्पांच्या पुढं पेपर अंथरून त्यावर आपटला तर पांढऱ्या वाळव्या वळवळत बाहेर. आई तिथंच उभी होती. तिला म्हणाला, मावशी तुम्ही झोपता त्याच खोलीवरचे वासे आतनं पोकळ झालेत, पुढच्या पावसात कौलं अंगावर येतील, आजच्या आज औषध मारलं तरच वाचतील.

अप्पांना कुणी नावं ठेवू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासलेला माणूस आहे. पण डोळ्यांसमोर जिवंत वाळवी, बायको घाबरलेली, मुलं गावात नाहीत आणि समोरचा तोंडभरून काका काका करायलाय, अशा वेळी कुणीही असता तरी हेच झालं असतं. अर्धे पैसे रोख घेतले, अर्धे फोनवरनं, ते पण कंपनीच्या खात्यावर नाही तर कुठल्यातरी माणसाच्या नावावर. दुपारी काम सुरू, फरशीला भिंतीकडेनं भोकं पाडून त्यात औषध सोडल्यासारखं केलं, भिंतींवर फवारलं, आणि संध्याकाळी गाडी भरून गेले पण. 10 वर्षांची गॅरंटी म्हणून एक छापील कागद दिला, सगळा इंग्रजीत, त्यावर शिक्का आहे पण पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, औषधाचं नाव तर नाहीच नाही. फोन दोन दिवस लागला, मग बंद.

मी आले तेव्हा घरभर रॉकेलचा वास. आई म्हणते बघ किती स्ट्राँग औषध आहे. मला काहीतरी खटकलं म्हणून कोपऱ्यातलं एक भोक बघितलं, वरनं व्हाइट सिमेंट लावून बुजवलेलं होतं, ते खिळ्यानं उकरून काढलं आणि आईची विणकामाची सुई आत घातली, तर बोटाच्या एका पेराएवढी जाऊन टक्क करून थांबली. शेजारचं भोक, तेच. पलीकडचं, तेच. म्हणजे ड्रिल शहाबादीच्या खाली पोचलंच नव्हतं. आमच्याकडं फरशीखाली लाल माती आहे, खरं भोक पाडलं असतं तर वर लाल चुरा आला असता, पण आईनं झाडून कोपऱ्यात ठेवलेला सगळा चुरा पांढरट होता.

मग ओळखीनं लायसन्स असलेला एक पेस्ट कंट्रोलवाला बोलावला आणि सोबत आमचे नेहमीचे सुतार. सुतार माळ्यावर चढले, एकेक वासा पटाशीनं टोचून बघितला, जुनं सागवान, पटाशी आत शिरेना. त्या लोकांनी आपटलेला फळीचा तुकडा मागच्या अंगणात टाकलेला होता, तो हातात घेऊन सुतार म्हणाले, वैनी हे तुमच्या घरातलं लाकूडच नव्हे ओ, ही पॅकिंगच्या पेटीची फळी आहे. म्हणजे वाळवी ते स्वतःच घेऊन आले होते! हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या पेस्ट कंट्रोलवाल्यानं जे दाखवलं ते प्रत्येकानं आपापल्या घरात बघून ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडं बहुतेक त्रास जमिनीतल्या वाळवीचा, तिला ओल लागते आणि उजेड-वारा सोसत नाही, म्हणून ती मातीच्या नळ्या करत वर चढते, साधारण पेन्सिलीएवढ्या जाड. भिंतीच्या फटीतनं आतल्या आतही जाते, पण लाकडापाशी कुठंतरी माती सापडतेच. नळी दिसली तर मधलीच थोडी मोडायची आणि काही दिवसांनी बघायचं, परत सांधली असेल तर आत वाळवी जिवंत आहे. लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी पूड पडत असेल तर तो भुंगा, त्याचं औषध वेगळं, त्याच्यासाठी फरशीला भोकं पाडून उपयोग नाही. आणि ते वाजणारं मशीन ओल मोजायचं होतं, वाळवी नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडच्या कुठल्याही भिंतीला लावा, वाजणारच.

खरी वाळवी आमच्या घरात होती, पण एकाच जागी. न्हाणीघराच्या दाराची चौकट, तळाशी. आतला नळ कितीतरी दिवसांपासून भिंतीत पाझरत होता, चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं तर पोकळ आवाज, रंग फुगलेला, नख लावलं तर पापुद्रा सुटून आत माती. घरभर भोकं पाडून गेलेल्या त्या दोघांनी ह्या चौकटीला हातसुद्धा लावला नव्हता.

आता औषधाचा हिशोब बघा, कारण फसवणूक इथंच उघडी पडते. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक आहे, आयएस 6313 भाग 3, त्यात भिंत आणि फरशी मिळते तिथं दर 300 मिमीवर, म्हणजे साधारण एक फुटावर, 12 मिमीचं भोक खाली मातीपर्यंत पाडायचं आणि माती औषध पीत असेल तोवर भरायचं, भोकाला जास्तीत जास्त एक लिटर. म्हणजे 10 बाय 12 ची खोली असेल तर चारी भिंती मिळून 44 फूट, तितकीच भोकं, एका खोलीला चाळीसेक लिटर तयार औषध लागू शकतं. आई सांगते, त्यांनी खांद्याला अडकवायचा एकच पंप आणला होता आणि तो आडावर एकदाच भरला. चार खोल्यांना! वरनं भिंतीवर फवारून काय होणार ओ, वाळवी खाली मातीत.

वासाचं पण तेच. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे हल्ली बरेच लोक वापरतात, लिटरभर पाण्यात 2.1 मिली, त्याला फारसा वास नसतो. क्लोरपायरीफॉस 20 टक्के वापरलं तर एक लिटर औषधात 19 लिटर पाणी, ते उग्र असतं. लाकडात भरायच्या औषधात कधीकधी रॉकेल कालवतात, मातीत ओतायच्या औषधाला पाणीच. तेव्हा वासावरनं काही ठरवू नका. डबा सीलबंद आणायला सांगा, तुमच्यासमोर फोडू दे, लेबलवरचं नाव, बॅच नंबर आणि एक्सपायरीचा फोटो काढा, पाणी किती घातलं ते उभं राहून बघा. चांगला माणूस ह्याला कधी नाही म्हणणार नाही. आमच्याकडं नंतर आला त्यानं तर आधी विचारलं, आड कुठं आहे, त्याचं पाणी प्यायला वापरता काय, आणि त्या बाजूला बाहेरनं औषध ओतायला सरळ नकार दिला. आधीचे दोघं आडाच्या कट्ट्यावरच डबे धुवून गेले होते, आईनं स्वतः बघितलंय. आत काय होतं देव जाणे, पण आम्ही ते पाणी उपसून टाकलं आणि स्वयंपाकाला नळाचंच वापरतो.

लायसन्स मागा, दाखवलंच पाहिजे. कीटकनाशक कायदा 1968 आहे, त्याच्याखाली पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला सरकारी लायसन्स लागतं. आणि वाळवी सापडली असं कुणी म्हणालं तर जिथं सापडली तिथं नेऊन दाखव म्हणा, हातात आणून दाखवलेली चालणार नाही. माळ्यावर चढवत नसेल तर त्याला मोबाईल देऊन व्हिडिओ काढून आण म्हणा, नाहीतर मुलगा, पुतण्या, शेजारी कुणीतरी येईपर्यंत थांबवा. जमिनीतली वाळवी लाकूड हळूहळू खाते, चार दिवसांनी औषध मारलं म्हणून घर कोसळत नाही.

आम्ही नळ दुरुस्त केला, चौकट बदलली, तेवढ्याच भागाला नीट औषध भरून घेतलं, खर्च त्या 38,000 च्या कितीतरी खाली झाला. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. फोनवरनं पैसे दिले होते त्याचा व्यवहार नंबर, तो फळीचा तुकडा, पांढरा चुरा, सुई घातलेल्या भोकांचे फोटो सगळं जपून ठेवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार आहोत, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, तक्रार 2 वर्षांच्या आत करायची असते, आधी काही विचारायचं असेल तर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावता येतो. कुणाच्या घरी असाच पत्ता नसलेला इंग्रजी कागद 10 वर्षांची गॅरंटी म्हणून पडून असेल तर तो फाडू नका, आणि भोकं परत बुजवायच्या आधी एकदा सुई घालून फोटो काढून ठेवा.