टाकी फुल्ल करा, असं तो का म्हणाला

काय सांगू राजेहो, साडेसोळा हजार गेले ते एकशे चाळीस रुपयांच्या कामात.

कळमेश्वरकडे आमचं वावर आहे. सोयाबीनची पेरणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर गचके देऊन बंद पडला. डिझेलच्या लायनीत हवा पकडली, एवढं मलाही कळलं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, फीड पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणाऱ्या छोट्या पंपाची, दांडी हाणली, आधी फेस आला, मग साफ धार. स्क्रू पुन्हा आवळला, गाडी चालू. अर्ध्या तासात पुन्हा बंद. चार वेळा हेच झाल्यावर माझा धीर सुटला.

ओळखीतून नागपूरचा एक मिस्त्री आला. सेल्फ मारला, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "भाऊ, पंप गेला तुमचा. प्लंजर घासले. नोझलही बदलावे लागतील." हा फीड पंप नाही, इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा मोठा पंप; प्लंजर म्हणजे त्यातले दट्टे, नोझल म्हणजे डिझेलचा फवारा मारणारी तोंडं. वापसा हातचा जात होता, मी कशाला वाद घालतो! पंप उतरवून शहरात नेला आणि तिसऱ्या दिवशी चंदेरी रंगात चमकवून आणला. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद. जाताना मायेने सांगून गेला, "टाकी फुल्ल करून घ्या भाऊ, आता कमी डिझेलवर चालवू नका." मला माणूस मोठा काळजीचा वाटला.

टाकी भरलेली होती तोवर ट्रॅक्टर झकास चालला. निम्म्यावर आली, की पुन्हा तेच गचके.

शेजारच्या वावरातले काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी फीड पंप आणि फिल्टरच्या मध्ये पारदर्शक नळी जोडली. बुडबुडेच बुडबुडे! म्हणजे हवा फीड पंपाच्याही अलीकडून येत होती, मोठ्या पंपाचा त्यात काही दोष नव्हता. फीड पंपाच्या पुढे कुठे ढिलं असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं, दिसतं. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत तो डिझेल ओढून घेत असतो, त्यामुळे चिरेतून हवा आत जाते आणि बाहेरून जागा कोरडीच. टाकी भरलेली असली की डिझेलचा भार नळीवर राहतो, हवा कमी शिरते. त्या 'फुल्ल करा'चा अर्थ मला तेव्हा लागला. रबरी नळी क्लिपखाली चिरली होती. नळी आणि दोन तांब्याचे वायसर बदलले, हवा काढली, काम झालं.

मग काकांनी पंपावरचा रंग नखाने खरवडला. खाली जुना चिखल तसाच! पंप खोललाच नव्हता. तो खरंच टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या मशीनवर, चढला असता तर प्रत्येक सिलिंडरला किती सीसी डिझेल पडतं, तो कागद मिळाला असता. मी ना तो कागद मागितला, ना जुने नोझल. तुम्ही दोन्ही मागा, आणि पंप उतरवण्याआधी ती पारदर्शक नळी लावायला सांगा. घरी हवा काढत असाल तर दांडी पोकळ लागल्यास इंजिन थोडं फिरवून घ्या, फीड पंपाला ढकलणारा इंजिनातला उंचवटा, म्हणजे कॅम, वर आलेला असतो. नोझलच्या फवाऱ्यासमोर मात्र हात नेऊ नका, ती धार कातडीत घुसते.

मिस्त्रीला फोन केला. शांतपणे म्हणाला, "भाऊ, गॅरंटी पंपाची दिली होती, नळीची नाही." त्यानंतर उचललाच नाही.